अज्जा चरात बसले

“मग पाणी तांबडं कशानं झालं?”

अज्जांनी, मठाच्या म्हाताऱ्या स्वामींनी, पुन्हा विचारलं.

रामलिंगनं मांडी बदलली. दोघांच्या मध्ये जमिनीवर एक पातेलं होतं. पातेल्यात ओढ्याचं पाणी. वीट कुटून कालवावी तसा रंग.

“पाणी म्हणजे मन, अज्जा,” तो म्हणाला. “गाळ म्हणजे वासना. ढवळायचं थांबवलं की गाळ खाली बसतो. मग तळ दिसतो.”

हे बोलणं त्याच्या तोंडात बसलेलं होतं. मठात येणाऱ्या लोकांना तो ते सांगायचा आणि लोक माना हलवायचे.

अज्जांनीही मान हलवली.

“बरं. मग बसू.”

दोघं बसले…

बाहेर आषाढातला पाऊस कौलांवर वाजत होता. रामलिंगनं डोळे मिटले. उघडले. पातेल्यात पाहिलं. पुन्हा मिटले. पाठीला खाज सुटली. दारावरून कोणीतरी गेलं, ते कोण असेल याचा विचार आला. फाटकापाशी गाडी थांबल्यासारखं वाटलं आणि गाडीत कोण असेल याचाही आला.

जेवणाची घंटा झाली. पाणी होतं तसंच होतं. आमच्याकडची तांबडी माती फार बारीक. एकदा पाण्यात गेली की सहजी खाली बसत नाही.

“तळ दिसला?”

“नाही.”

“मी पाण्याचं विचारलं होतं, रामलिंग.”

*

पातेलं ठकूबाईचं होतं. ठकूबाई खालच्या धनगरवाड्यातली. मठाच्या डोंगरावरून ओढा उतरतो, वाड्याजवळ एका डोहात थांबतो, आणि वाड्याचं पिण्याचं पाणी तेच. त्या सकाळी ती पातेलं डोक्यावर घेऊन चढ चढून आली होती. अज्जांसमोर ते ठेवून तिनं ओल्या पदरानंच तोंड पुसलं.

तिची सून बाळंत झाली होती. पाणी गाळलं, उकळलं, तरी भांड्याच्या बुडाला चिखल धरत होता. बायका आता डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जात होत्या. पावसात ती वाट निसरडी. एक जण पाय मोडून घेऊन माहेरी पडली होती. आता झऱ्यावर कुणाला धाडायचं याची घराघरांत भांडणं सुरू झाली होती.

हे सगळं तिनं अज्जांना सांगितलं. शेवटचं मात्र रामलिंगकडं बघून बोलली.

“तुमचा रस्ता वर देवाकडं जातोय म्हणं. चिखुल तेवढा खाली आमच्याकडं येतोय.”

रामलिंगला ते लागलं. रस्ता त्याचाच होता.

पूर्वी मठाला नुसती पायवाट होती. दगड, गवत आणि जळवा. म्हातारी माणसं अर्ध्यातून माघारी जायची. रामलिंगनं घरचं गुऱ्हाळ भावाच्या हाती देऊन मठ धरला, तेव्हा पहिलं काम हे केलं. मुरमाचा रस्ता झाला, गाडी थेट फाटकाशी येऊ लागली. रस्त्याच्या दरीकडच्या अंगाला त्यानं एक चर खोदला. फाटकापासून खाली ओढ्यापर्यंत, दोरी लावल्यासारखा. पाऊस कितीही पडो, सगळं पाणी रस्त्यावरून चरात आणि चरातून ओढ्यात. नव्या पाहुण्याला तो आधी देऊळ दाखवायचा नाही, चर दाखवायचा.

मठात पायऱ्या घासायची रीत जुनी आहे. दर सोमवारी सेवेकरी येतात आणि पायरीला शेवाळ राहू देत नाहीत. रस्ता झाल्यावर ती रीत रस्त्यावर उतरली. सेवेकरी खुरपी घेऊन ओळीनं बसत आणि चरातलं गवत मुळासकट काढत. तळ खरवडत, काठ खरवडत. तांबडी माती उघडी पडून चकाकायला लागली की रामलिंग म्हणायचा, सेवा अशी डोळ्याला दिसली पाहिजे.

अज्जा थकत चालले होते. मठात गुरूचा कानात सांगायचा उपदेश एकालाच मिळतो, आणि ज्याला मिळतो त्याच्याकडं पुढं मठ जातो. अज्जांनी तो अजून कुणाला दिला नव्हता. या श्रावणात बघू, असं ते रामलिंगला म्हणाले होते. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती, आणि जेवताना घास हातात राहायचा.

आता तो पातेल्याकडं बघत राहिला.

“अज्जा, श्रावण आठवड्यावर आला.”

“हो.”

“तुम्ही म्हणाला होता…”

“डोह निवळू दे. मग ये.”

“आणि नाही निवळला तर?”

अज्जा उठले. जेवायला निघून गेले.

*

रामलिंगनं त्याच दिवशी निरोप धाडले. सोमवारी दुप्पट माणसं आली. तो पुढं होऊन सांगत होता, चर घाण आहे म्हणून पाणी घाण आहे, एक काडी राहता कामा नये. लोकांनी पावसात भिजत चर आणखी खोल खरवडला. शांतव्वा सगळ्यांत जुनी सेवेकरी, तिचा आवाज साऱ्या डोंगराला ऐकू जाई. ती म्हणाली, आता ह्याच्यात पिठलं वाढून खावं.

मंगळवारी डोह आणखी तांबडा झाला.

मग त्यानं तुरटी घेतली. पिशवी भरून. चिखल तुडवत वाड्यावर गेला आणि ठकूबाईच्या पडवीत उभा राहिला. घरात बाळ रडत होतं. हंड्यात खडा कसा फिरवायचा ते त्यानं तिला समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“हंड्यात फिरवीन की,” ती म्हणाली. “म्हसरं डोहातच पित्यात. डोहात कोण फिरवणार? तुमी उतरताय?”

ओसरीवर बसलेली माणसं हसली. रामलिंगनंही हसून बघितलं, पण ते त्याला नीट जमलं नाही.

परत येताना तो रस्त्यात सारखा थांबत होता. वर बघत होता, खाली बघत होता. चर भरून वाहत होता. आवाज मोठा होता. एरवी त्या आवाजानं त्याला बरं वाटायचं.

मठात आल्यावर त्यानं जप धरला. माळ अर्ध्यात सुटली. पुन्हा धरली…



*

श्रावण लागला. पहिल्या सोमवारी सकाळी पावसानं झोडपायला सुरुवात केली. आरतीची वेळ झाली तरी अज्जा जागेवर नव्हते.

देवळात नव्हते. गोठ्यात नव्हते. शांतव्वा ओरडत फाटकाबाहेर गेली आणि तिथंच गप्प झाली.

अज्जा चरात बसले होते.

फाटकापासून थोडं खाली, मांडी घालून, डोक्यावर घोंगडं. वरून येणारं पाणी त्यांच्या पाठीवर आदळत होतं.

लोक धावले. कुणी हात धरला, कुणी छत्री धरली. शांतव्वा रडकुंडीला आली. या वयात थंडी बाधली तर काय करायचं, असं ती अज्जांना सोडून सगळ्यांना विचारत होती.

रामलिंग चराच्या काठावर गुडघे टेकून बसला.

“अज्जा, उठा.”

“का?”

“इथं कशाला बसलाय?”

“तू एवढं स्वच्छ केलंयस,” अज्जा म्हणाले. “बसायला बरं आहे.”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

“माझं चुकलं असेल तर सांगा. पण उठा.”

अज्जा बसून राहिले. पाणी त्यांच्या पाठीमागं तुंबत होतं. चढत होतं. मग काठावरून सांडलं आणि दरीच्या बाजूला गवतात गेलं.

रामलिंगला आधी ते दिसलं नाही. त्याला अज्जांचे निळे पडलेले ओठ दिसत होते. त्यांच्या काखेत हात घालून उचलायला म्हणून तो चरात उतरला, खालच्या बाजूला. आणि त्याच्या पायाला पाणी लागलं नाही.

त्यानं खाली पाहिलं. चराचा तळ नुसता ओला होता.

त्यानं मान वळवली. सांडलेलं पाणी गवतात पसरलं होतं. त्याचा आवाजच नव्हता. कारवीच्या बुंध्यांतून, पाल्यातून ते कुठं गेलं ते कळत नव्हतं. रामलिंग अज्जांना सोडून तिकडं गेला. ओणवा झाला. हातानं गवत बाजूला करत, घसरत, उतरत गेला. वरून लोक हाका मारत होते. बराच खाली एका दगडाच्या कपारीतून पाणी ठिबकत होतं. त्यानं ओंजळ धरली.

ओंजळीत त्याला आपल्या हाताच्या रेघा दिसल्या.

त्यानं ओंजळ ओतली आणि पुन्हा धरली.

मग धापा टाकत वर आला. अंगभर चिखल, कोपराला खरचटलेलं. अज्जा अजून बसलेलेच होते. दात वाजत होते.

“उठू?” अज्जांनी विचारलं.

“थोडं बसा अज्जा,” रामलिंग म्हणाला. “दगड घेऊन येतो.”

शांतव्वानं कपाळावर हात मारून घेतला.

*

उसाला पाणी पाजताना दारं मोडतात, म्हणजे सरीचा काठ फोडून पाणी वळवतात. एका सरीत सगळं पाणी सोडलं तर ते माती घेऊन पळतं, म्हणून थोडं इकडं, थोडं तिकडं सोडतात. रामलिंगनं लहानपणापासून हे केलं होतं. मठाच्या रस्त्यावर आल्यावर त्याला ते सुचलं नव्हतं, कारण तो रस्ता देवाचा होता आणि ऊस घरचा.

अज्जा बसले होते तिथं त्यानं दगड रचले आणि चराचा काठ फोडून दार मोडलं. तिथून थोडं खाली दुसरं. मग आणखी खाली. पाणी जोर धरायच्या आत त्याला गवताकडं वळवायचं, ओढ्यापर्यंत एकत्र जाऊच द्यायचं नाही. रस्त्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या होत्या, पाणी त्यांतूनही धावायचं. तिथं त्यानं रस्त्याला आडवे बुटके उंचवटे घातले. जिथं चर ओढ्याला मिळत होता ते तोंड दगड घालून बंद केलं.

दोरीसारखा चर आता जागोजाग फुटला. दातपडक्या तोंडासारखा दिसू लागला.

आणि त्यानं खुरपी बंद केली.

यावरून सगळ्यांत जास्त झालं. पुढच्या सोमवारी सेवेकरी आले तेव्हा रामलिंग चराच्या काठावर उभा होता आणि कुणाला खाली उतरू देत नव्हता. गवत येऊ दे, म्हणत होता. लोकांना वाटलं, याला पावसाचा ताप चढला. शांतव्वा पुढं झाली. तिनं नवऱ्याच्या आजारपणातही सोमवार चुकवला नव्हता.

“गवताला हात लावायचा नाही, तर आम्ही करायचं काय?”

“काही नको.”

“काही न करायला एवढा डोंगर चढून आलो?”

 हीच खुरपी रामलिंगनं तिच्या हातात दिली होती. सेवा डोळ्याला दिसली पाहिजे, हे वाक्यही त्याचंच होतं. तो तिच्या हाताकडं बघत राहिला. बोटांच्या पेरांत तांबडी माती कायमची बसली होती.

“दगड आणू लागाल?” त्यानं शेवटी विचारलं.

ती देवळाकडं गेली. पायऱ्या घासत बसली. त्या दिवशी पायऱ्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

उंचवट्यांवर गाड्यांची बुडं घासू लागली. दर वर्षी प्रसादाचा खर्च उचलणारे एक शेठ खाली उतरून पायी आले आणि म्हणाले, हा मठाचा रस्ता आहे की उंटाची पाठ. त्यांनी रामलिंगला ओळखून विचारलं, हे कुणी केलं. त्यानं सांगितलं, मी. पूर्वी रस्त्याबद्दलही ते असंच विचारायचे आणि तो असंच सांगायचा. या वेळी सांगून तो दगड उचलायला वळला.

काही लोक येईनासे झाले. काहींनी अज्जांकडं तक्रार केली. अज्जा ताप येऊन पडले होते. ऐकून घ्यायचे आणि कूस बदलायचे.

त्या तापानं रामलिंगची झोप पारच गेली. तो अज्जांच्या उशाशी बसायचा, पावसाचा जोर वाढला की उठून जायचा, परत येऊन बसायचा. कपाळावर पट्टी ठेवताना त्याचा कान बाहेर असायचा. कुठलं तरी दार फुटायचं, कुठं तरी पाला अडकायचा. एक नीट केलं की दुसरं बिघडायचं. तो चरातून मठात आणि मठातून चरात फिरत राहिला. श्रावण चालला होता. उपदेशाचं तो कुणाशी बोलला नाही.

एकदा त्यानं अज्जांना विचारलं, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं का.

“काय?”

“की असं करायचं.”

“नाही,” अज्जा म्हणाले. “पाणी फार धावत होतं. मला त्याच्या आडवं बसावंसं वाटलं.”

*

श्रावण सरायच्या आत अज्जा उठून बसले.

खाली वाड्यावर बायका परत डोहावर जाऊ लागल्या होत्या. जोराच्या सरीनंतर पाणी अजून तांबूस व्हायचं, पण संध्याकाळपर्यंत निवळायचं. ठकूबाईच्या सुनेनं बाळाला डोहाच्याच पाण्यानं न्हाऊ घातलं. ही बातमी घेऊन ठकूबाई स्वतः आली, आणि बातमी सांगून झाल्यावर लगेच तक्रार केली. खालच्या वळणावरचं दार पाल्यानं सारखं तुंबतंय, तिथून पाणी माती घेऊन उतरतंय, तिकडं लक्ष कुणाचं हाय. आभार मानायचं ती विसरली असावी.

शेवटच्या सोमवारी अज्जांनी रामलिंगला बोलावलं. अंघोळ करून ये म्हणाले.

सगळ्यांना कळलं. गाभाऱ्याबाहेर लोक दाटीनं बसले. येईनासे झालेलेही आले. शांतव्वानं अंगाऱ्याचं ताट आणून ठेवलं, पण रामलिंगकडं पाहिलं नाही.

रामलिंग अज्जांसमोर बसला. ओले केस, हात जोडलेले. एवढी वर्षं ज्यासाठी काढली ते आता कानात पडणार होतं. अज्जांनी त्याच्या कपाळाला अंगारा लावला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढं झुकले.

बाहेर पाऊस सुरू झाला.

आधी बारीक. मग कौलं एकदम वाजायला लागली.

अज्जांचे ओठ त्याच्या कानाजवळ आले. रामलिंगचा गुडघा हलला. त्यानं हातानं दाबून धरला. तरी हलत राहिला.

अज्जा थांबले.

“काय ऐकतोस?”

रामलिंगला खोटं बोलता आलं असतं. लोक बघत होते.

“वळणावरचं दार, अज्जा,” तो हळूच म्हणाला. “सकाळी बघितलं नाही. पाल्यानं तुंबलं असणार. एवढ्या पावसात ते फुटलं तर सगळं डोहात जाईल.”

मागं कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, नशीब लागतं. शांतव्वानं चक्क ऐकू जाईल असं विचारलं, अरे, आज तरी बसवेना का तुला.

रामलिंगचे डोळे भरून आले. त्यानं अज्जांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. जोडलेले हात सुटले होते आणि आता ते कुठं ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं.

“ही वेळ परत येत नाही म्हणतात,” तो म्हणाला.

“नाही येत.”

कौलांवरचा आवाज वाढला…

रामलिंग उठला. वाकून अज्जांच्या पायांना हात लावला. दारापाशी कोपऱ्यात खोरं टेकवून ठेवलेलं होतं, ते त्यानं घेतलं. लोकांनी पाय आखडून त्याला वाट दिली, काहींनी दिली नाही. उंबऱ्यावर तो क्षणभर थांबला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

मागं काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग घोंगडं झटकल्याचा.

“तू पुढं हो,” अज्जा म्हणाले. “मी मागून येतो.”